ऐकण्याची एकदिवसीय कार्यशाळा: सकाळ वाया, दुपार वसूल

'ॲक्टिव्ह लिसनिंग'ची, म्हणजे समोरच्याचं मन लावून ऐकण्याची, ही कार्यशाळा ऑफिसातच येऊन घेतात. साडेनऊ ते साडेपाच, २० जणांची बॅच.

सकाळ सगळी स्लाइड्सची. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली ही कल्पना मांडली, इथवर ठीक. पण मग 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के' हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य येतंच. हा आकडा ज्यांतून आला ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग बोलणाऱ्याच्या भावना ओळखण्यापुरते होते. ते सरसकट लावायचं तर फोनवरून ओटीपीसुद्धा सांगता येणार नाही!

खरा माल जेवणानंतर. तिघांचा गट: बोलणारा, ऐकणारा, निरीक्षक. बोलणाऱ्याला ३ मिनिटं. ऐकणाऱ्यानं 'हं'पलीकडे तोंड उघडायचं नाही. मग मिनिटभरात ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगून 'असंच ना?' विचारायचं. समोरून 'हो, असंच' येईपर्यंत सल्ला बंद. निरीक्षक दोनच गोष्टी टिपतो: कुठे तोडलं आणि काय गळलं.

गळतं ते बहुतेकदा 'पण'नंतरचं. 'शुक्रवारी देतो, पण टेस्टिंग राहील' याचं परत सांगताना 'म्हणजे शुक्रवारी मिळतंय' होतं, आणि सोमवारी बोंब. घरच्या प्रसंगांत तोडण्याची घाई जास्त. आईनं गुडघ्याचा विषय काढताच 'उद्या डॉक्टरकडे जाऊ'. दुखण्यानं रात्रभर झोप नसते, हे तिचं सांगायचं राहूनच जातं. प्रशिक्षिका अशा जागी बरोबर थांबवतात. 'का?'ऐवजी 'कधीपासून?', 'मग काय झालं?' विचारायला लावतात, कारण 'का' म्हटलं की माणूस खुलासे द्यायला लागतो. शब्दाला शब्द पोपटासारखं परत म्हणणाऱ्यालाही सोडत नाहीत.

२० ही संख्या मात्र गैरसोयीची. शेवटच्या दोघांना निरीक्षकच उरत नाही. १८ किंवा २१ जण बसवा. त्याहून मोठी चूक म्हणजे साहेब आणि हाताखालचा माणूस एकाच गटात. तो बिचारा ट्रॅफिकवर बोलून वेळ काढतो. गटांची यादी आधीच करून द्या.

फेरसत्र पॅकेजमध्ये नाही, आणि एका दुपारीत सवय लागत नसते. सकाळच्या स्लाइड्स अर्ध्या तासात उरकायला सांगा आणि वाचलेल्या वेळाच्या बदल्यात ३-४ आठवड्यांनी तासाभराचं फेरसत्र मागा. बुकिंग करतानाच ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.