पॅस की डेझी चेन? सेल्फ अँकरसाठी काय घ्यावं

लिंगाणा, तैलबैला, वानरलिंगी असा एखादा सुळका-कडा चढायचं ठरलं की ग्रुपवर गिअरची लिस्ट येते आणि त्यात "डेझी / पॅस" असं एकत्रच लिहिलेलं असतं, जणू दोन्ही सेम. दोन्ही म्हणजे कमरेच्या हार्नेसपासून अँकरला, म्हणजे कड्यावरच्या पक्क्या आधाराला, स्वतःला अडकवायच्या पट्ट्या; पॅस म्हणजे पर्सनल अँकर सिस्टीम. दुकानातही शेजारी शेजारी लटकवलेल्या, दोन्हीला नुसते लूपच लूप, त्यात डेझी स्वस्त, मग माणूस तीच उचलतो. मी दोन्ही वापरल्यात आणि माझं मत सरळ आहे, रॅपल स्टेशनवर, म्हणजे दोरावरून खाली उतरायला जिथून सुरुवात करतो तिथे, स्वतःला अडकवायला पॅसच घ्या.

डेझी म्हणजे एकच लांब लूप, त्याला आडवे टाके मारून कप्पे केलेले. टोकाला टोक धरून ओढली तर दणकट आहे, पण एकेका कप्प्याचे टाके साधारण ३ किलोन्यूटनचे, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो. नुसतं लटकलात तर काही होत नाही हो, पण पट्टी सैल असताना पाय सटकला की झटक्यात तेवढा लोड सहज येतो. आणि खरी भानगड पुढेच आहे. लांबी कमी करायची म्हणून लोक टोकाचा लूप कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणारा धातूचा हूक) तसाच ठेवतात आणि जवळचा कप्पाही त्यातच अडकवतात, वाटतं डबल सेफ्टी झाली, पण मधले टाके उसवले ना तर कॅराबिनर पट्टीतून चक्क मोकळा बाहेर येतो, कारण तो पट्टीत नव्हताच, टाक्यांवर अडकलेला होता! पटत नसेल तर कागदाच्या लूपला स्टेपलर मारून घरी करून बघा.

पॅसमध्ये प्रत्येक कडी वेगळी शिवलेली आणि एकमेकीत ओवलेली. मेटोलियस कंपनीच्या पॅस २२ ची तर एकेक कडी २२ किलोन्यूटनची. कुठल्याही दोन कड्या एकत्र अडकवा, सुटायचा प्रश्नच नाही.

तोटे आहेत की. जाडजूड प्रकार आहे, चालताना पायात येते, आणि लांबी कडीच्या हिशोबानेच बदलते, मधलं काही मिळत नाही. ते पाहिजे असेल तर पेट्झल कंपनीची कनेक्ट अ‍ॅडजस्ट बघा, ती डायनॅमिक, म्हणजे झटका बसला की ताणणाऱ्या, दोराची आहे, पण खिसा रिकामा होतो. आणि पॅस असली तरी ती दोरासारखी ताणत नाही, त्यामुळे अँकरच्या वर चढून सैल सोडून फोटो काढत बसू नका.

डेझी टाकाऊ नाहीये, एड क्लाइंबिंगला (कड्यात साधनं अडकवून त्यांच्यावर वजन टाकत चढणं) शिडीवर उभं राहून शरीराचं वजन टाकायला मस्त आहे, तिचं कामच ते. बजेट नसेल तर १२० सेंटिमीटरची शिवलेली नायलॉन स्लिंग (पट्टीचा लूप) घ्या, मध्ये एक गाठ मारा, वर्षातून एखाद-दोन रॅपल करणाऱ्याला पुरते. डायनिमा या धाग्याची पातळ स्लिंग मात्र यासाठी नको, गाठ मारली की तिची ताकद बरीच उतरते. आणि सेकंडहँड तर यातलं काहीच घेऊ नका, उन्हात पडून पडून कमजोर झालेली पट्टी बाहेरून बऱ्याचदा ठीकच दिसते.