उंटाची किडनी काढली म्हणून ५१,५०० घेतले. दोन्ही किडन्या जागेवर!

हसायचं तर आधी हसून घ्या. घरचे महिनाभर हसतायत.

रंकाळ्यावर फेऱ्या मारायला गेल्या उन्हाळ्यात उंट घेतला, सुलतान. जानेवारीत त्यानं वैरण सोडली. तोंडाला फेस, दात करकर वाजवायचा, डोक्यामागून काळं चिकट पाणी गळायचं. लघवी काकवीसारखी घट्ट, तीही शेपटीनं पाठीवर उडवायचा. ओळखीतून एक 'उंटाचे स्पेशालिस्ट' आले. लघवी बघून म्हणाले, उजवी किडनी सडलीय, काढावी लागेल.

तपासणी २,५००. मग केस न भादरता, जेल न लावता एक मशीन कुशीवर फिरवलं, त्याचे ६,८००. रक्त घेतलंच नाही. किडनीचं दुखणं असेल तर क्रिएटिनीन, युरिया बघतात हे माणसांच्या बाबतीत मला ठाऊक होतं, पण उंटाचं वेगळं असेल म्हटलं. ऑपरेशन ३८,०००, औषधं ४,२००.

सुलतानला बसवून भूल दिली आणि मला बर्फ आणायला पिटाळलं. परत येतोय तर टाके घालून झालेले! चार बोटांची चीर. बादलीत किडनी दाखवली: गाठीगाठींची, द्राक्षाच्या घडासारखी.

इथंच माती खाल्ली. घरात म्हशी, मटणाच्या दुकानात निम्मं आयुष्य गेलेलं. अशी फोडीफोडींची किडनी म्हशीची असते हे मला कळू नये? उंटाची बोकडासारखी गुळगुळीत असते म्हणे. आणि एवढ्या मोठ्या जनावराची किडनी चार बोटांच्या चिरेतून निघेल? पण दारात जनावर पडलेलं असताना कुणाचं डोकं चालतं? तुमचं चाललं असतं का?

बाराव्या दिवशी जखमेत पू झाला. खऱ्या डॉक्टरांनी केस भादरून सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या ठणठणीत, चीर नुसती कातड्याची. मग आजार कसला? नर उंट थंडीत माजावर येतो, ही सगळी त्याचीच लक्षणं! पाणी राखणारं जनावर, लघवी घट्टच असायची.

डॉक्टर म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे खात्री करा, मगच जनावराला हात लावू द्या. रोख दिलेत तर पावती घ्या. मी घेतली नाही.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. "उंटाला कुठलं कलम लावू?" त्यांनी पशुसंवर्धनकडे पाठवलं. तिथले म्हणाले, तो डॉक्टरच नाही तर आमच्याकडे कशाला आलात, पोलिसांकडे जा. अहो, डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे! पुन्हा ठाण्यात, पुन्हा बाकडं, पुन्हा "साहेब राउंडला गेलेत". काढलेली किडनी पुरावा म्हणून आणा म्हणाले. कुठून आणू? ती कुत्र्यांनी कधीच खाल्ली.

तक्रारीची पोच अजून हातात नाही. परवा तिथल्याच हवालदारांचा फोन आला. मला वाटलं, माणूस सापडला. पोराच्या वाढदिवसाला उंट किती वाजता मोकळा असतो, विचारत होते.