उन्हाळ्यात धावण्यासाठी हायड्रेशन व्हेस्ट: एका हंगामाच्या वापरानंतर

उन्हाळ्यात मैदानी व्यायाम चालू ठेवायचा म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचा येतो, आणि तासाभराहून अधिक वेळ धावणाऱ्याला तो रोज नव्याने सोडवावा लागतो. गेली काही वर्षे मी हातात अर्ध्या लिटरची बाटली धरून धावत असे. ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत संपे, पुढचे अंतर कोरड्या तोंडाने कापावे लागे, आणि बाटली धरलेला खांदा नकळत वर उचलला गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत मान अवघडलेली राही. म्हणून या उन्हाळ्याच्या तोंडावर मी हायड्रेशन व्हेस्ट, म्हणजे पाणी अंगावर वाहून नेण्यासाठीचे बंडीसारखे जाकीट, घेतले आणि हंगामभर, आठवड्यातून तीन-चार वेळा, मुख्यतः धावताना आणि अधूनमधून सायकलवर व डोंगर चढताना ते वापरले. या बांधणीचे व्हेस्ट अनेक कंपन्या तयार करतात आणि मला जाणवलेले बहुतेक गुणदोष त्या बांधणीतूनच येतात, त्यामुळे कंपनीच्या नावापेक्षा बांधणीविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे होईल असे मला वाटते.

व्हेस्टच्या पाठीकडच्या कप्प्यात दीड लिटरची मऊ पिशवी बसते. तिच्या तळाशी जोडलेली नळी खांद्यावरून पुढे येते आणि छातीवरच्या चिमट्यात अडकते. नळीच्या टोकाला, दातांनी दाबल्यावर उघडणारे रबरी तोंड आहे. छातीवर दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्यांसाठी खिसे आहेत, त्यांच्याखाली किल्ली आणि मोबाइल मावेल असा चेनचा कप्पा आहे, आणि डाव्या पट्ट्याला एक शिट्टी अडकवलेली आहे. रिकाम्या व्हेस्टचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते आणि पिशवी काठोकाठ भरली की ते १.८ किलोपर्यंत जाते. मात्र हे वजन दोन्ही खांद्यांवर आणि बरगड्यांवर सारखे वाटले जात असल्यामुळे ते हातातल्या अर्ध्या किलोइतकेही जाचत नाही. पहिल्याच आठवड्यात मानेचे दुखणे थांबले, हा या खरेदीचा मला झालेला सर्वांत रोकडा फायदा.

पाठीवर पाणी आणि खांद्यावरून नळी ही कल्पना मुळात सायकलस्वारांची आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऐन उन्हाळ्यात होणाऱ्या शंभर मैलांच्या सायकल शर्यतीसाठी, आपत्कालीन वैद्यकीय सेवेत काम करणाऱ्या मायकेल आयडसन या सायकलस्वाराने सलाइनची पिशवी पाण्याने भरून ती लांब मोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीला जोडला आणि नळी खांद्यावरून पुढे आणून कपड्यांच्या चिमट्याने बंद केली. हँडल न सोडता पाणी पिता यावे, एवढीच त्याची गरज होती. सायकलवर वेगामुळे अंगाला भरपूर वारा लागतो, त्यामुळे पाठीचा थोडा भाग झाकला गेला तरी निभावते. धावणाऱ्यांनी ही कल्पना उचलली तेव्हा तो वारा मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका तिथेच आहे.

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. बाहेरची हवा त्वचेइतकीच तापलेली असली की ही उष्णता घालवायला घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला, तर शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. पण तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळला किंवा जाड कापडात मुरून राहिला, तर शरीर थंड होण्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही. धावताना सर्वाधिक घाम येतो तो पाठीच्या मधल्या आणि खालच्या भागाला, आणि व्हेस्टची पिशवी नेमकी तिथेच विसावते. पाणी हाताशी असणे आणि शरीर थंड राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे २०१९ साली दोहा येथे झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतील महिलांच्या मॅरेथॉनने स्पष्टपणे दाखवले. ती शर्यत मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली होती, डोक्यावर ऊन नव्हते, वाटेत पाण्याची सोय होती. तरीही तीस अंशांपलीकडचे तापमान आणि ७० टक्क्यांहून अधिक आर्द्रता अशा हवेत ६८ पैकी २८ धावपटूंना शर्यत पूर्ण करता आली नाही. म्हणून उन्हाळ्यासाठी व्हेस्ट निवडताना किती लिटर पाणी मावते हे विचारण्याआधी, ते पाठीला किती मोकळी ठेवते हे पाहायला हवे.

माझ्या व्हेस्टला पाठीकडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाड जाळी आहे. ती पिशवीला त्वचेपासून साधारण पेराच्या निम्म्या अंतरावर धरून ठेवते आणि कोरड्या हवेत आपले काम चोख करते: घरी येऊन व्हेस्ट उतरवल्यावर टी-शर्टच्या पाठीवर पांढरट मिठाची नक्षी दिसते, म्हणजे घाम तिथल्या तिथे वाळलेला असतो. दमट सकाळी चित्र बदलते. अर्ध्या तासात टी-शर्ट पाठीला चिकटतो, जाळीची भोके पाण्याने भरून जातात, आणि दोरीवर टांगलेल्या व्हेस्टच्या खालच्या कडेतून पुढची दहा मिनिटे घामाचे थेंब टपकत राहतात. तो सगळा घाम शरीराने पाणी आणि मीठ खर्चून तयार केलेला असतो आणि त्याच्या मोबदल्यात थंडावा मात्र मिळालेला नसतो. दमट हवेत मी आता पाठीची पिशवी काढून ठेवते आणि फक्त छातीवरच्या दोन बाटल्या घेऊन धावते. पाणी एक लिटरच मिळते, पण पाठ मोकळी राहते. ज्या व्हेस्टमध्ये पुढे बाटल्यांचे खिसे नाहीत ते उन्हाळ्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत या अनुभवातून झाले आहे.

पिशवीत बर्फ करण्याचा उपाय मी महिनाभर करून पाहिला. पिशवी एक-तृतीयांश भरायची, हवा काढून टाकायची, आणि फ्रीजरमध्ये आडवी ठेवून रात्रभर गोठवायची. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, म्हणून ती कधीही तुडुंब भरून गोठवू नये. सकाळी वर गार पाणी ओतले की निघायला तयार. हिशेब मांडला तर यातून मिळणारा थंडावा माफक आहे, कारण अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे जेमतेम ७० मिलिलिटर घाम वाळण्याइतकी. तरीही पहिल्या अर्ध्या तासात पाठीला लागणारा गारवा आणि शेवटपर्यंत मिळणारे गार पाणी यांमुळे धावणे सुसह्य होते हे नक्की, आणि गार पाणी मनापासून प्यायले जाते हा फायदाही लहान नाही.

पिण्याच्या बाबतीत या व्हेस्टने माझी सवय बदलली. बाटली असताना मी तहान अगदी असह्य झाल्यावर थांबून घटाघटा पीत असे आणि मग पोटात पाणी डचमळत असे. नळी तोंडाशी असल्यामुळे आता दर काही मिनिटांनी एखाद-दुसरा घोट न थांबता घेतला जातो. नळीत घोटभर पाणी अडकून राहते आणि उन्हात ते चांगलेच तापते. पिऊन झाल्यावर नळीत हलकेच फुंकून ते पुन्हा पिशवीत ढकलले की पुढचा घोट गार मिळतो. पिशवीत हवा राहिली तर प्रत्येक पावलागणिक पाणी खळखळते, म्हणून भरल्यानंतर ती उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्यावी.

याच सोयीची दुसरी बाजू मात्र गांभीर्याने घ्यायला हवी. पिशवी पाठीवर असल्यामुळे किती पाणी प्यायले गेले हे दिसत नाही. एकदा मला पाणी संपल्याचे कळले ते नळीतून नुसती हवा आली तेव्हा, आणि घर अजून चार किलोमीटरवर होते. उलट चूकही तितकीच घातक ठरू शकते, कारण घामाने जाते त्याहून जास्त पाणी तासन्‌तास पीत राहिले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण ठळक होते. पाणी जितके सहज मिळते तितके मोजून पिणे आवश्यक होते, आणि व्हेस्ट त्यासाठी कोणतीही मदत करत नाही.

म्हणून मी माझा हिशेब एकदा काट्यावर करून घेतला, आणि व्हेस्ट घेणाऱ्या प्रत्येकाने तो करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धावण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करायचे, जेवढे घटले त्यात प्यायलेले पाणी मिळवायचे आणि आलेला आकडा लागलेल्या तासांनी भागायचा. माझे वजन सव्वा तासात ६४.२ किलोवरून ६३.४ किलोवर आले होते आणि त्या वेळात मी ७०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. म्हणजे दीड लिटर घाम गेला, तासाला सुमारे १.२ लिटर. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत ठेवावी हा सर्वसाधारण संकेत माझ्या बाबतीत पाळला गेला होता, म्हणून तेवढे पाणी मला पुरेसे आहे असे मी धरले. हा आकडा कायमचा नव्हे. उन्हात नियमित व्यायाम केल्यावर सुमारे दहा ते चौदा दिवसांत शरीर सरावते, घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीचा हिशेब मध्यावर पुन्हा करावा लागतो. घामाच्या एका लिटरमागे सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जाते, माणसागणिक त्यात बराच फरक असतो. दीड तासाहून लांब पल्ल्यासाठी मी पाठीच्या पिशवीत साधे पाणी आणि छातीवरच्या एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी ठेवते. बाटल्यांच्या खिशांचा हा आणखी एक उपयोग.

मापाबद्दल थोडक्यात सांगायचे तर व्हेस्टचे माप उंचीवर ठरत नाही, छातीच्या घेरावर ठरते, आणि तो घेर पूर्ण श्वास घेऊन, धावण्याचा टी-शर्ट घालून मोजावा. माझ्या व्हेस्टच्या छातीवरच्या दोन्ही आडव्या पट्ट्या वर-खाली सरकवता येतात. स्त्रियांनी ही सोय असल्याखेरीज व्हेस्ट घेऊ नये, कारण पट्टी चुकीच्या जागी आवळली गेली की श्वास अडतो. गळ्याकडच्या काठाची शिवण जाड आहे. पहिल्या पंधरवड्यात ती दोन्ही बाजूंच्या गळपट्टीच्या हाडावर काचली आणि घाम लागला की तिथे आग होई. तिथे व्हॅसलिन लावायला लागल्यापासून तो त्रास थांबला, तरी एवढ्या विचारपूर्वक केलेल्या वस्तूत ही शिवण अशी सुटायला नको होती.

खरी कसोटी स्वच्छतेची आहे. पिशवीत एकदाच मीठ-साखरेचे पाणी भरले आणि नुसत्या पाण्याने विसळून ती कपाटात ठेवली. पाचव्या दिवशी उघडली तर नळीच्या आत, चिमट्याच्या वाकाजवळ, काळे ठिपके धरले होते. बुरशीच होती. तेव्हापासून पिशवीत साध्या पाण्याशिवाय काहीही भरत नाही. प्रत्येक वापरानंतर नळी सुटी करून लांब दांड्याच्या बारीक ब्रशने घासते, पिशवीत कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवते, विसळते आणि आतल्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत स्वच्छ लाकडी चमचा आडवा घालून उलटी टांगते. सोड्यामुळे नव्या पिशवीला येणारा प्लॅस्टिकचा वासही आठवड्याभरात गेला. घाई असली तर धुतलेली पिशवी आणि नळी सरळ फ्रीजरमध्ये ठेवते. त्या थंडीत बुरशी वाढत नाही. व्हेस्ट मात्र हाताने, सौम्य साबणाने धुवावे, कारण जाळीत साठलेले घामाचे मीठ निघाले नाही तर पुढच्या वेळी तेच पाठीला घासते.

ज्यांचे धावणे तासाभराच्या आत आटोपते, किंवा जे मैदानावर फुटबॉलसारखा खेळ खेळतात आणि ज्यांना कडेला ठेवलेल्या बाटलीशी जाता येते, त्यांना याची गरज नाही. विनाकारण पाठ झाकून घेऊ नये. तासाहून लांब, वाटेत पाणी न मिळणाऱ्या रस्त्यावर धावणाऱ्यांना, डोंगर चढणाऱ्यांना आणि दूरच्या सायकल-फेऱ्या करणाऱ्यांना मी ते मनापासून सुचवीन. सायकलवर तर मला त्यात काहीच खोट आढळली नाही. फिकट रंगाचे घ्यावे, कारण गडद रंग उन्हात अधिक तापतो.

टिकाऊपणाबाबत एकच तक्रार आहे. चौथ्या महिन्यात नळीचे रबरी तोंड दातांच्या दाबाने चिरले आणि छातीवर पाणी ठिबकू लागले. दुकानात सुटे तोंड मिळत नव्हते, पूर्ण नळी बदलावी लागली आणि त्यासाठी तीन आठवडे वाट पाहावी लागली, म्हणून खरेदीच्या वेळीच सुटे भाग मिळतात का ते विचारून एक तोंड जास्तीचे घेऊन ठेवावे. पिशवी आणि तिचे झाकण मात्र इतक्या वेळा गोठवून, घासून आणि टांगूनही अजून कोठे गळत नाही.