मोटरसायकलसाठी कार्नेट: कधी घ्यावं, कसं जपावं

'कार्ने द पासाज आं दुआन' हे फ्रेंच नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे नुसतं कार्नेट म्हणतात. गाडी परदेशात तात्पुरती नेतोय, विकणार नाही, परत बाहेर काढू, आणि नाही काढली तर कार्नेट देणारी संघटना त्या देशाची ड्यूटी (आयात कर) भरेल, अशी ही हमी आहे. मुदत एक वर्षाची. भारतात ते फेडरेशन ऑफ इंडियन ऑटोमोबाईल असोसिएशन्स आणि तिच्या सदस्य संघटनांकडून मिळतं.

आमचं मत आधीच सांगतो. जिथे कार्नेट लागतं तिथे त्याच्यासारखा दुसरा कागद नाही. जिथे लागत नाही, तिथल्यासाठी घेतलं तर मोठी रक्कम विनाकारण अडकून पडते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी नकाशा समोर घ्यावा.

नेपाळला लागत नाही. सीमेवर भन्सार (नेपाळचं कस्टम्स शुल्क) भरून दिवसांप्रमाणे परवाना मिळतो. भूतानलाही स्थानिक परवान्यावर काम होतं. युरोपीय संघात परदेशी नंबरची गाडी पर्यटक सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती ठेवू शकतो. तिथे प्रश्न येतो तो विम्याचा, कारण आपली भारतीय थर्ड पार्टी पॉलिसी तिथे चालत नाही. इराण, इजिप्त, ऑस्ट्रेलिया यांच्यासाठी मात्र कार्नेट हवंच. समजा, न्हावाशेवाहून बंदर अब्बासला गाडी पाठवायची आणि इराण, तुर्कस्तान करत युरोपात जायचं. या सगळ्या वाटेत कार्नेटचं एकच पान वापरलं जातं, ते इराणचं. पुस्तक ५, १० किंवा २५ पानांचं मिळतं. एका देशात एकदा शिरून बाहेर पडलं की एक पान संपतं, त्याच देशात पुन्हा शिरलं की दुसरं. वरच्या प्रवासाला ५ पानी पुस्तक पुरून उरतं.

खरा खर्च फीचा नाही, हमीचा आहे. संघटनेला द्यायची बँक गॅरंटी किंवा अनामत रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही लिहिलेले देश यांवर ठरते, आणि जास्त ड्यूटीच्या देशांसाठी ती गाडीच्या किमतीच्या वर जाते. म्हणून 'असू दे, गेलो तर गेलो' म्हणून यादीत जादा देश घालू नयेत. किंमतही खरी लिहावी. फुगवली तर हमी वाढते, फारच पाडली तर कस्टम्सच्या टेबलावर प्रश्न सुरू होतात.

अर्जात चेसिस आणि इंजिन नंबर आरसीवरून उतरवू नका, गाडीवर प्रत्यक्ष वाचून लिहा, मग आरसीशी ताडा. एक अक्षर चुकलं की बंदरावर घोडं अडतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आधीच काढावं. आरसीवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि कार्नेटवरचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये हवं. आपल्याकडे वडिलांच्या नावाच्या जागेवरून इथेच घोळ होतो. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून वेगळं काढावं लागतं (फॉर्म ४-ए, मुदत एक वर्ष), आणि गाडीला मागे आयएनडी हे देशचिन्ह लावावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: शिक्के. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. सगळ्यात खालचा भाग प्रवेशाच्या वेळी अधिकारी फाडून घेतो, मधला बाहेर पडताना, आणि वरचा स्थळप्रतीचा भाग पुस्तकातच राहतो. त्या वरच्या भागावर प्रवेश आणि निर्गमन असे दोन शिक्के, तारखा, सह्या हव्यातच. गर्दीच्या चौकीवर नुसता पासपोर्टवर शिक्का मारून 'जा' म्हणतात. तिथून हलू नये. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या नोंदीत तुमची गाडी अजून तिथेच असते, आणि ड्यूटीचा दावा त्यातूनच येतो. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना, लेसोथो, इस्वातिनी हे एकाच कस्टम्स संघात आहेत. तिथे पहिल्या देशात प्रवेशाचा आणि शेवटच्या देशातून निघताना निर्गमनाचा शिक्का घ्यायचा; आतल्या सीमांवर पान फाडू द्यायचं नाही.

गाडी विमानाने किंवा पेटीत पाठवत असाल तर लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का असावा. विमानासाठी टाकी रिकामी लागते आणि धोकादायक मालाची घोषणा द्यावी लागते. ऑस्ट्रेलियासाठी टायरच्या नक्षीतली, मडगार्डखालची माती ब्रशने काढावी. जैवसुरक्षा तपासणी तिथे कडक आहे आणि धुण्याचा खर्च तुमच्यावर पडतो.

परत आल्यावर पुस्तक घरी कपाटात ठेवून चालत नाही. भारतीय कस्टम्सकडून गाडी परत आल्याची नोंद करून घ्यावी. कुठला निर्गमनाचा शिक्का राहिला असेल तर पुस्तकातलं गाडी कुठे आहे याचं प्रमाणपत्र अधिकाऱ्याकडून भरून घ्यावं, आणि मग पुस्तक संघटनेकडे जमा करावं. खासगी वाहनं तात्पुरती परदेशात नेण्याबद्दलच्या १९५४ च्या न्यूयॉर्क करारानुसार परदेशी कस्टम्सला कार्नेटची मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत दावा कळवता येतो. त्यामुळे गॅरंटीची मुदत कार्नेटपेक्षा लांबच असते, आणि सगळे शिक्के जागेवर असले तरच ती लवकर सुटण्याची आशा धरावी. फाडलेल्या प्रत्येक पानाचा फोटो त्याच चौकीवर काढून ठेवा, अधिकाऱ्याची सही स्पष्ट दिसेल असा.