सहा आसनी अग्निशमन बंब: वेगळी केबिन, लांबवलेली कॅब की कारखान्याची क्रू-कॅब?

१५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. त्यामुळे जुना बंब आणखी पाच वर्षं ढकलू, ही सोय नगरपरिषदांना उरलेली नाही. नव्या बंबाच्या निविदेत ‘क्रू-कॅब हवी’ एवढी ओळ असते. ती कशी बांधलेली हवी हे लिहिलेलं नसतं, मग पुरवठादार त्याला परवडेल तशी देतो. इथे दोन अ‍ॅक्सलची १८–१९ टनी चॅसिस, ४,५०० लिटर पाणी आणि चालकासह सहा जण असा हिशोब धरला आहे.

आधी हजेरीपट बघा. पाळीला चालक-यंत्रचालक धरून तीनच माणसं निघत असतील तर मागची चार आसनं होज आणि दोरांच्या गुंडाळ्या ठेवायच्या कामी येतात. तिथे साधी कॅब घ्या आणि वाचलेल्या लांबीत पाणी किंवा साहित्याचे कप्पे वाढवा. पाच-सहा जण खरोखर चढणार असतील तर तीन पर्याय आहेत.

पहिला, चॅसिस कंपनीची कॅब जशीच्या तशी आणि तिच्या मागे चॅसिसवर स्वतंत्र क्रू केबिन. पुढची कॅब पूर्वीसारखी पुढे झुकवून उलटता येते, त्यामुळे इंजिनाचं काम कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं. मूळ कॅबच्या सांगाड्याला हात लागत नाही, म्हणजे एआयएस-०२९ या मजबुती चाचणीत उतरलेला भाग तसाच राहतो. तोटा असा की दोन केबिनमध्ये कॅब उलटायला फट सोडावी लागते, शिवाय पुढचा अधिकारी आणि मागचे फायरमन यांच्यात काच येते. इंटरकॉम निविदेत लिहिला नाही तर वाटेत सूचना द्यायच्या म्हणजे काच ठोकणं आलं.

दुसरा, मूळ कॅबची मागची भिंत कापून ती लांबवायची, किंवा काऊल (कॅब नसलेल्या) चॅसिसवर चौकोनी पाइपांचा सांगाडा उभारून एकसंध केबिन बांधायची. दिसायला हीच सर्वांत नेटकी, बोलणंही सोपं. पण मागची भिंत कॅबच्या ताकदीचा भाग असते. ती गेली की भार छताच्या कडांवर आणि दारांमधल्या खांबांवर येतो. खराब रस्त्यावर वर्ष-दोन वर्षांत खांबाच्या बुडाशी वेल्डिंगला तडे, न बसणारी दारं, पावसाळ्यात पायाशी पाणी, हे सगळं इथूनच सुरू होतं. उलटणारी कॅब लांबवली असेल तर ती उचलणारा मूळ टॉर्शन बार (स्प्रिंगसारखी दांडी) किंवा हायड्रॉलिक पंप वाढलेल्या वजनाला पुरत नाही. कॅब उलटतच नसेल, तर क्लचच्या कामासाठी आतली जमीन उचकटावी लागते. हा पर्याय घ्यायचाच असेल तर बांधून झालेल्या केबिनची, मूळ कॅबची नव्हे, एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या वाहन-चाचणी संस्थेची चाचणी मागा.

तिसरा, कारखान्यातूनच चार दारांची येणारी क्रू-कॅब. स्कॅनिया, मॅन, व्होल्वो अशा युरोपीय कंपन्या ती बनवतात. अख्खी कॅब हायड्रॉलिकने उलटते, मागच्या आसनांचे पट्टे सांगाड्याच्या मूळ आराखड्यातच असतात आणि पायऱ्या तुलनेने सोयीच्या असतात. विमानतळ, रिफायनरी किंवा स्वतःचं वर्कशॉप असलेली मोठी महानगरपालिका यांना हे परवडतं. तालुक्याच्या गावी मात्र पुढची काच फुटली तरी गाडी कितीतरी दिवस उभी राहू शकते, आणि बंब तर एकच असतो.

तिन्हींत क्रू केबिन साधारण एक मीटर लांबी खाते. खरा व्यवहार इथे होतो. २.२ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच टाकीत ४,५०० लिटर बसवायला १.७ मीटर लांबी लागते. केबिनमुळे टाकी १.३ मीटरवर आणली तर उंची जवळपास १.५७ मीटर होते आणि पाण्याचा गुरुत्वमध्य १८–१९ सेंटीमीटर वर जातो. घाटातल्या वळणावर गाडी झुकते ती यामुळे. उंची टाळायला सगळं मागे सरकवलं तर मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे राहणारा भाग, वाढतो. नियमाने तो व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपुढे जाता कामा नये. लांब व्हीलबेस घेतला तर जुन्या गावठाणात गाडी वळत नाही. म्हणून या आकारात पंप मागेच ठेवावा. मधला पंप आणखी अर्धा-पाऊण मीटर मागतो, त्याच्या नादी लागू नये. सहा जण आणि मोठी टाकी दोन्ही हवं असेल तर तीन अ‍ॅक्सलची चॅसिस घ्या, नाहीतर पाणी ४,००० लिटरवर आणा.

वजन धरताना माणशी ७० किलो धरू नका. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकात गणवेश-साहित्यासह दर आसनाला २५० पौंड, म्हणजे ११३ किलो धरतात. सहा जणांचे ६८० किलो झाले. लांबवलेल्या कॅबमध्ये हे बरंचसं पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं. एकूण वजन मर्यादेत, पण पुढचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड, अशी गाडी ब्रेकला आणि स्टिअरिंगला त्रास देते. स्वतंत्र केबिनचा भार दोन अ‍ॅक्सलमध्ये वाटला जातो.

बीए सेट (धुरात श्वास घ्यायचे हवेचे सिलिंडर) आसनाच्या पाठीत बसवायचे असतील तर कुलुपी ब्रॅकेट मागा. नुसत्या वेल्क्रो पट्ट्यावरचा सिलिंडर अपघातात सुटून माणसांवर येतो. एनएफपीएमध्ये या ब्रॅकेटला ९ जी (वजनाच्या नऊपट) धक्क्याची अट आहे. पाठीवर सेट घेऊन बसायला दर आसनाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते. चार जणांच्या बाकाला २.४ मीटर होतात, आणि तेवढी आतली रुंदी कुठल्याच केबिनमध्ये मिळत नाही. म्हणजे बाकावर तीनच सेट, चौथा कप्प्यात, किंवा दोन-दोन समोरासमोर आसनं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन२ आणि एन३ (साडेतीन टनांहून जड) ट्रकच्या कॅबला एसी सक्तीचा आहे, पण तो पुढच्या दोन-तीन माणसांच्या मापाचा असतो. मागच्या केबिनसाठी वेगळं युनिट लिहा. बीएस-६ इंजिनाला उभ्याने पंपिंग करताना डीपीएफ रीजनरेशन (धुराच्या गाळणीतली काजळी आपोआप जाळणं) थोपवणारं बटण हवं. त्या वेळी एक्झॉस्ट इतका तापतो की खालचं वाळलं गवत पेटू शकतं.

साधारण नगरपरिषदेने पहिला पर्याय घ्यावा, इंटरकॉम आणि मागच्या चारही आसनांना तीन-बिंदू पट्टे सक्तीचे करून. ताबा घेताना टाकी भरून, सहा माणसं बसवून, सगळं साहित्य चढवून वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला. कॅब तिथेच उलटवून दाखवायला सांगा. मग पूर्ण गणवेशात, पाठीवर बीए सेट असलेल्या माणसाला मागच्या दारातून उतरवा. सिलिंडर चौकटीला अडकला तर दार रुंद करून घेईपर्यंत शेवटचं बिल थांबवा.