कॉलेजचं रायटिंग सेंटर: मराठी मीडियमवाल्यांनी जावं का? नक्की जावं, पण हे वाचून जा

आमच्या कॉलेजात लायब्ररीच्या वर रायटिंग सेंटर आहे, इंग्रजीतून पेपर लिहायला मदत करणारं, एक पैसा लागत नाही, आणि तरी मराठी मीडियममधून आलेली बरीच मुलं तिथं जायला लाजतात, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय.

सिस्टीम सोपी आहे. ऑनलाइन स्लॉट घ्यायचा, मग पाऊण तास एक ट्यूटर, तुम्ही आणि तुमचा ड्राफ्ट. ट्यूटर बहुतेक पीएचडी करणारे असतात. इथं प्रूफरीडिंग करून मिळत नाही हे आधीच सांगते, कारण बरेच जण पेपर देऊन सगळं दुरुस्त करून मिळेल या अपेक्षेने येतात आणि नाराज होऊन जातात. बाहेर पानाच्या हिशोबाने पैसे घेऊन तसं करून देणारे आहेत की, पण त्यात पुढचा पेपर लिहायला परत तुम्ही होतात तिथेच.

माझं एमएचं डिझर्टेशन गिरणगावातल्या खाणावळींवर. पहिल्या सेशनला ट्यूटर ताईंनी ग्रामरला हातच लावला नाही. म्हणाल्या, "इंग्रजी राहू दे बाजूला, तुला काय म्हणायचंय ते मराठीत सांग." मग मी सुटलेच. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष, बायकापोरं गावी, एकेका खोलीत कितीतरी जण पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवायला खाणावळ, ती चालवणाऱ्या बाया किराणा उधारीवर आणायच्या, कामगारांचा पगार झाला की यांच्या हातात पैसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आणि मग १९८२ चा गिरणी कामगारांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी, म्हणजे जेवणाऱ्याचा पगार बंद आणि खाणावळवालीची चूलपण बंद, पण संपाचा इतिहास सांगताना ती कुणी मोजतच नाही. ताई म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्य तुझ्या चॅप्टरमध्ये कुठंय?" ते होतं पार शेवटच्या पानावर. शाळेत आपल्याला निबंध असाच शिकवतात ना, आधी भरपूर पार्श्वभूमी आणि मग मुद्दा. तो मुद्दा उचलून पहिल्या पानावर आणला आणि अख्खा चॅप्टर सरळ झाला.

भाषेचं काम नंतरच्या सेशन्सना. सगळ्या चुका एकदम नाही, एका वेळी एकच प्रकार. माझा प्रकार म्हणजे 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल नाहीच, शाळेतला 'पहिल्यांदा अ, नंतर द' हा नियम थोडं अंतर चालतो आणि मग सोडून देतो. ताईंनी फक्त एक प्रश्न दिला: वाचणाऱ्याला कुठला संप ते आत्ता इथं कळलंय का? कळलं असेल तर 'द'. एक पॅरा सोबत केला, पुढचा मला एकटीला करायला लावला. तसंच 'गावाहून येऊन, चाळीत राहून, खाणावळीत जेवून' अशी आपली लांब वाक्यं, मराठीत ती छान पळतात पण तशीच इंग्रजीत नेली की कोण काय करतंय तेच हरवतं, तिथं कर्ता शोधून वाक्य तोडायचं.

आता जे पटलं नाही ते. एकदा दुसरे ट्यूटर मिळाले, चांगले होते, पण प्रत्येक चुकीला "तुला काय बरोबर वाटतं?" एवढंच. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला हा प्रश्न उपयोगाचा असेल, त्याच्या कानाला चूक खटकते. माझ्या कानाला 'डिस्कस अबाउट' अजिबात खटकत नाही! तिथं विचारून काय निघणार, सरळ सांगा की अबाउट लागत नाही आणि पुढं चला. मुद्दा काय, पुरावा कुठंय, हे विचारा, हवं तेवढं विचारा, ते माझ्याकडेच आहे. पण प्रीपोझिशन कुठून आणू? मोठ्याने वाचायचंही तसंच, मी वाचलं तर मला सगळं ठीकच वाटतं, ट्यूटरने वाचलं की तो जिथं अडखळतो तिथं मी पेन्सिलने खूण करते. हा फरक कळणारा ट्यूटर मिळाला की त्याचाच स्लॉट धरून ठेवा.

स्लॉटची बोंब आहेच. सबमिशनच्या महिन्यात काही मिळत नाही, आणि संध्याकाळी पाचला बंद, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्या विरार-कल्याणच्या मुलांनी यायचं कधी? खरी गरज तर त्यांनाच. निदान आठवड्यातून एक दिवस सातपर्यंत उघडं ठेवा, नाहीतर ऑनलाइन तरी घ्या, मी फीडबॅक फॉर्ममध्ये दर वेळी लिहितेय, तुम्हीही लिहा.

जाताना अर्धा ड्राफ्ट असला तरी चालतो, पण गाईडने लिहिलेल्या कमेंट्स नक्की न्या. स्लॉट मिळेपर्यंत अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीची आऊल (OWL) ही लेखन शिकवणारी वेबसाइट बघा, फुकट आहे, सायटेशन आणि आर्टिकल दोन्हीची पानं तिथं आहेत.