रमाबाईंची वाट की मावशींची?

‘बाईला हक्क हवेत, पण घर मोडायला नको’ असं म्हणणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात. त्यांना मी दोन नावं सुचवते: रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई केळकर. घर सोडा असं दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही, तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

रमाबाईंचं लग्न 1873 साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सुरू झाले. 1882 मध्ये संस्कृत विदुषी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. रानड्यांच्या रमाबाई त्यांच्या व्याख्यानांना जायला लागल्यावर हा जाच आणखी वाढला. रमाबाई रानड्यांनी उलट उत्तर दिलं नाही आणि शिकणंही सोडलं नाही. याला कुणी नमतं घेणं म्हणेल, मी म्हणणार नाही. कारण पुढे 1909 साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथल्या विधवा शिवण शिकल्या, शिक्षिका झाल्या, ससून रुग्णालयात जाऊन नर्सिंग शिकल्या. जिने परक्या पुरुषासमोर यायचंही नाही, ती बाई वॉर्डात रोग्याची जखम धुऊ लागली आणि स्वतःचा पगार स्वतः मोजून घेऊ लागली. पुण्यात सक्तीचं शिक्षण फक्त मुलग्यांना द्यायचं घाटत होतं, तेव्हा मुलींसाठी याच शांत रमाबाई बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या.

केळकर, म्हणजे सेविकांच्या मावशी, यांनी 1936 च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती सुरू केली. बायकांना राष्ट्रीय स्वयंसेवक संघात घेण्याऐवजी त्यांची स्वतंत्र संघटना काढावी, असं संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवारांनी सुचवलं होतं. शाखेत मुली लाठी शिकतात. आदर्श तीन: मातृत्वाला जिजाबाई, कर्तृत्वाला अहिल्याबाई, नेतृत्वाला झाशीची राणी. अंगात बळ येतं, चारचौघांत बोलायचा धीर येतो, हे मी मनापासून मान्य करते. पण हे बळ राष्ट्राच्या कामी यावं म्हणून आहे. सासरी अन्याय झाला तर बाईने त्याचं काय करायचं, याचं सरळ उत्तर मला त्या विचारात सापडत नाही.

जातीचा प्रश्न दोन्हीकडे मागेच राहतो. त्यासाठी सावित्रीबाईंकडेच जावं लागतं.

शिस्त, संघटना, सोबत हवी असेल तर समिती समजून घ्या. पण घरात रोजच ओढाताण होत असेल, तर रमाबाईंच्या 1910 सालच्या आठवणी आधी वाचा. आपल्याच माणसांत राहून आपलं म्हणणं न सोडणाऱ्या बाईचे दिवस कसे जातात, ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.